शुक्रवारचे टिपण आणि हरवलेला कर्ता

मराठी घेऊन एम. ए. झालेली मी पुण्यातल्या एका संगणक-कंपनीत शिरले ती सूचनापुस्तिका लिहिण्यासाठी. पुढे कामाचे स्वरूप बदलत गेले, पण पहिल्या महिन्यात गळ्यात पडलेले एक काम मात्र कायम राहिले. दर शुक्रवारी दुपारी चार वाजता आमच्या सात जणांच्या गटाची बैठक भरते. आठवड्यात काय चांगले झाले, काय बिघडले आणि पुढच्या आठवड्यात काय बदलायचे, हे तीन प्रश्न विचारले जातात आणि त्यांच्या उत्तरांचे एक टिपण केले जाते. 'तू साहित्यवाली, तूच लिही,' असे म्हणून ते माझ्याकडे आले. अशी काही शे टिपणे मी आजवर लिहिली आहेत. त्यांना वाङ्मय म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण गेल्या महिन्यात ती सलग वाचून काढली तेव्हा वाटले, की रोजनिशी, कैफियत, बखर, अहवाल या गद्यप्रकारांचा विचार करणाऱ्यांनी या प्रकाराकडेही एकदा पाहायला हरकत नाही. निदान आपली भाषा चुकीविषयी बोलताना काय करते, हे त्यात स्वच्छ दिसते.

या प्रथेला थोडा इतिहास आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे सतरा जण जमले आणि त्यांनी सॉफ्टवेअर कसे रचावे याविषयी एक छोटा जाहीरनामा काढला. त्याला जोडलेल्या बारा तत्त्वांपैकी शेवटचे असे, की गटाने ठरावीक काळाने थांबून, मागे वळून पाहून, आपली रीत सुधारावी. त्याच वर्षी नॉर्मन कर्थ यांचे अशा सिंहावलोकनांवरचे पुस्तक आले. आज जगभरच्या हजारो गटांत जे शुक्रवार साजरे होतात त्यांचे मूळ बहुधा या दोन ठिकाणी सापडेल. कर्थ यांनी बैठकीच्या आरंभी एक गृहीत मांडायला सांगितले आहे. त्याचा आशय असा : त्या वेळी जे ठाऊक होते, जे साधन हाताशी होते, ते पाहता प्रत्येकाने आपल्या परीने उत्तम तेच केले, असे आपण धरून चालू. कोणाला तरी पकडून बडवण्यासाठी ही बैठक नाही, एवढेच त्यात सांगायचे आहे. हेतू चांगला आहे आणि मला तो मान्यही आहे. माझी तक्रार या गृहीताचे आमच्या गद्यात जे झाले त्याविषयी आहे.

आधी एक किरकोळ तक्रार सांगून टाकते. दर आठवड्याला धडा मिळालाच पाहिजे, ही अपेक्षाच मुळात खोटी आहे. साप्ताहिक सदर लिहिणाऱ्याची जी अडचण, तीच आमची. बुधवार उजाडला आणि विषय सुचला नाही, की सदरलेखक आपल्या मांजरावर लिहितो. आम्ही 'संवाद वाढवावा' असे लिहितो. जुनी टिपणे वाचताना हा धडा मला इतक्या वेळा भेटला की शेवटी मोजणे सोडून दिले. तो निरुपद्रवी आहे, असेही नाही. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात साधा हिशेब मांडला होता : गटातल्या प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावे लागत असेल तर माणसे वाढतात त्याहून कितीतरी वेगाने जोड्या वाढतात. सात जणांत एकवीस जोड्या, दहांत पंचेचाळीस, पन्नासांत बाराशे पंचवीस. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे घातली की काम आणखी उशिरा होते, हा त्यांचा प्रसिद्ध सिद्धान्त अंशतः याच हिशेबावर उभा आहे. तेव्हा संवादालाही किंमत पडते. कोणाशी, कशाविषयी, केव्हा बोलायचे राहिले, हे न सांगता नुसता 'वाढवावा' असा उपदेश करणे म्हणजे घरात पैसे पुरत नाहीत म्हणून 'जपून खर्च करावा' असे भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहे. काही आठवडे काहीच शिकवत नाहीत. 'या आठवड्यात नोंदण्याजोगे काही घडले नाही' असे लिहिण्याची मुभा टिपणलेखकाला हवी.

आता मूळ मुद्दा. मराठीत स्वतःच्या चुकीविषयी बोलण्याचे किती मार्ग आहेत, ते पाहा. 'मी चुकले.' हा कर्तरी प्रयोग. क्रियापद कर्त्यामागून चालते, बोलणारी बाई आहे की पुरुष हेही त्यावरून कळते. दुसरा मार्ग, 'मी चूक केली.' वाचताना दोन्ही सारखीच वाटतात, पण इथे क्रियापद माझ्या मागून येत नाही, ते 'चूक' या नामाच्या मागून जाते. बाईने केली काय, पुरुषाने केली काय, 'केली'च. आपल्या परंपरागत व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात, आणि त्यातला 'मी' हा खरे तर जुन्या मराठीतला 'म्यां' आहे. तिसरा मार्ग, 'माझ्याकडून चूक झाली.' आता चूक कर्त्याच्या जागी येऊन बसली आणि मी दारात उभी राहिले. चौथा, 'चूक झाली.' मी घराबाहेर गेले. आणि पाचवा, जो कचेऱ्यांनी घडवला : 'त्रुटी आढळून आली.' यात चूक कोणी केली हे नाही, ती घडली असेही नाही. ती कुठे तरी आधीपासूनच होती, पावसाळ्यात भिंतीतून ओल यावी तशी, आणि कोणाला तरी आढळली. कोणाला, तेही नाही.

या पाच पायऱ्यांपैकी पहिल्या तिन्हींत माणूस शिल्लक आहे. 'माझ्याकडून' मध्ये थोडी आर्जवी अंगचोरी असेल, पण माणूस आहे. शेवटच्या दोन पायऱ्यांवर तो नाही. आमची जवळजवळ सगळी टिपणे या शेवटच्या दोन पायऱ्यांवर उभी आहेत. ती इंग्रजीत लिहिलेली आहेत म्हणून काही फरक पडत नाही. इंग्रजीलाही ही सोय भरपूर आहे आणि आम्ही ती मनापासून वापरली. याचे मूळ कदाचित शाळा-महाविद्यालयांतही असावे. २०२० साली आलेल्या बारावीच्या 'युवकभारती'त उपयोजित मराठीच्या भागात अहवाल हा घटक घेतला गेला, हे चांगलेच झाले. पण आपण शिक्षक अहवालाची भाषा शिकवताना वस्तुनिष्ठता म्हणजे कर्त्याचा लोप, असे नकळत शिकवून जातो. 'कार्यक्रम पार पडला', 'आभार मानण्यात आले', 'अल्पोपाहाराची व्यवस्था करण्यात आली होती'. स्नेहसंमेलनाच्या अहवालात अल्पोपाहार कोणी आणला हे न कळल्याने कोणाचे बिघडत नाही. सगळीकडे तसे नसते.

एक प्रसंग सांगते. एका जुन्या ग्रंथालयाच्या सुमारे चाळीस हजार नोंदी आम्ही संगणकावर शोधता येतील अशा करत होतो. नोंदी दोन वेगवेगळ्या ठिकाणी टंकित झाल्या होत्या आणि शोध घेताना एक विचित्र अडचण येई. 'दुसऱ्या' असे टाइप केले की निम्मीच पुस्तके सापडत. पडद्यावर दोन्हीकडचे 'दुसऱ्या' हुबेहूब सारखे दिसत, पण आतून ते वेगळे होते. मराठीतला हा चंद्रकोरीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्यात साधा र, मग हलन्त, आणि मग ज्याला रुंदीच नाही असे एक अदृश्य चिन्ह घालतात. त्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. ते चिन्ह दिसत नाही, जागा व्यापत नाही. पण ते काढले की 'ऱ्य'चा 'र्य' होतो, म्हणजे कोर जाऊन डोक्यावर रफार चढतो. मराठीत हा फरक केवळ वळणाचा नाही. व्याकरणाच्या प्रत्येक तासाला येणारे उदाहरण वाचकांच्या ओठावर आलेच असेल : आचार्यांना आणि आचाऱ्यांना.

आमच्या गटात तेव्हा लातूरकडचा एक मुलगा नुकताच लागला होता. हुशार, अबोल, जेवणाचा डबा सर्वांत आधी उघडून सर्वांत शेवटी संपवणारा. शोधाची अडचण सोडवायचे काम त्याच्याकडे होते. मंगळवारी सकाळी तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, 'ताई, काही नोंदींमध्ये न दिसणारी चिन्हं आहेत. काढून टाकली तर चालतील ना? मराठीला काही होणार नाही ना?' त्याने नेमका प्रश्न विचारला होता, आणि गटात ज्या एका माणसाला तो विचारायला हवा होता त्यालाच विचारला होता. मी दुसऱ्या कुठल्या तरी पुस्तिकेच्या मुद्रितात गुंतले होते. मान वर न करता म्हटले, 'दिसतच नाहीत, तर ठेवायची कशाला? काढ.' मला ते चिन्ह ठाऊक नव्हते अशातला भाग नाही. दोन वर्षांपूर्वी मीच त्यावर अर्धे पान लिहिले होते. त्या क्षणी आठवले नाही, एवढेच.

त्याने काढली. बुधवारी रात्री आज्ञावली चालली. पाकशास्त्रावरच्या एका जुन्या पुस्तिकेतले आचारी एका रात्रीत आचार्य झाले. गोऱ्हे यांचे गोर्हे झाले, कऱ्हाडचे कर्हाड झाले. त्याहून वाईट असे, की एकसारख्या दिसणाऱ्या नोंदी एकत्र करणारी दुसरी आज्ञावली तिच्यामागून चालली आणि तिने डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्रातला दर्या एकत्र करून टाकले. मूळ माहितीच्या प्रती आम्ही सात दिवसांच्याच ठेवत असू. नवव्या दिवशी ग्रंथालयातल्या एका निवृत्त ग्रंथपालांचा फोन आला. ते रागावले नव्हते, त्यांना मौज वाटत होती. 'अहो, आमच्या आचाऱ्यांना हा मान कोणी दिला?' त्यानंतर तीन आठवडे आम्ही ग्रंथालयातली पिवळी पडलेली कार्डे समोर ठेवून नोंदी हाताने वेगळ्या करत होतो.

त्या शुक्रवारचे टिपण मी लिहिले. इंग्रजीत होते, त्याचा मराठी आशय असा : माहितीच्या शुद्धीकरणात त्रुटी आढळून आली आहे. दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आले आहे. यापुढे अधिक चाचणी करण्यात येईल. तीन वाक्ये, एकही माणूस नाही. लिहिताना मला आपण उदार आहोत असे वाटले होते. नवा मुलगा आहे, त्याचे नाव कशाला घ्या. बैठकीतही कोणी घेतले नाही. कर्थ यांचे गृहीत आम्ही तंतोतंत पाळले होते.

पण ते नाव लपलेले नव्हतेच. सॉफ्टवेअरच्या कामात आज्ञावलीतला प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला, हे यंत्रणेत आपोआप नोंदले जाते. कोणीही दोन कळा दाबून पाहू शकत होते आणि सर्वांनी पाहिले होते. नोंदले गेले नव्हते ते फक्त मंगळवारच्या सकाळचे माझे वाक्य, कारण ते तोंडी होते. म्हणजे माझ्या कर्ताहीन गद्याने त्याला काडीचेही संरक्षण दिले नाही. संरक्षण मिळाले ते मला. टिपणात कर्ता नसला की तो दुसरीकडून भरून घेतला जातो, आणि ज्याच्या हातून प्रत्यक्ष कळ दाबली गेली त्याचेच नाव त्या रिकाम्या जागेत बसते. सल्ला देणारा, घाई करणारा, मुदत ठरवणारा, प्रती सातच दिवस ठेवाव्यात असे पूर्वी कधी तरी ठरवून टाकणारा, हे सगळे तोंडी असतात. मार्चमध्ये वार्षिक मूल्यमापन झाले, तेव्हा हा प्रसंग त्याच्या नावापुढे आला. मी विचारले होते आणि मला हो म्हणण्यात आले होते, असे तो कोणालाच म्हणाला नाही. मीही म्हणाले नाही.

यावर कोणी म्हणेल, की हा एका बाईच्या भिडस्तपणाचा किंवा भित्रेपणाचा किस्सा आहे, त्यात भाषेचा काय दोष? दोष माझा आहेच. पण 'मी मान वर न करता हो म्हटले' असे वाक्य लिहिण्याची त्या प्रकारात रीतच असती, तर ते टाळायला मला मुद्दाम खोटे बोलावे लागले असते. त्या प्रकाराने मला खोटे न बोलता गप्प बसण्याची सोय दिली. लेखनप्रकाराचे संकेत लेखकाकडून काय वदवतात आणि काय वदवत नाहीत, हा तर आपल्या अभ्यासाचाच विषय आहे. बखरीविषयी, शिलालेखाविषयी, दलित आत्मकथनाविषयी आपण हा प्रश्न विचारतो. कचेरीतल्या गद्याला मात्र आपण गद्य समजत नाही.

आणि तोंडी राहिलेल्या गोष्टींनी केवळ पुण्यातली कार्डेच बिघडतात असे नाही. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळाजवळ पोचून नष्ट झाले. छोट्या प्रक्षेपकांचा आवेग एका गटाची आज्ञावली पाउंड-सेकंदांत देत होती आणि दुसरा गट तो न्यूटन-सेकंदांत आहे असे समजून वापरत होता. दोन्हींत सुमारे साडेचार पटींचा फरक. एवढे सर्वांना ठाऊक असते आणि तेवढ्यावर हसून आपण पुढे जातो. चौकशी मंडळाच्या अहवालातला मला अधिक महत्त्वाचा वाटणारा भाग निराळा आहे. यानाचा मार्ग पाहणाऱ्यांना काही तरी जुळत नाही हे उड्डाणाच्या काळातच जाणवले होते. त्यांनी ते सांगितलेही होते, पण अनौपचारिकपणे; अशा शंकांसाठी जी ठरलेली नोंदपद्धती होती तिच्यातून ती शंका गेली नाही आणि तिचा पाठपुरावा झाला नाही. शंका होती, तिला कागद मिळाला नाही.

आमच्याकडे शंकेला कागद न मिळण्याचे आणखी एक कारण भाषेतच आहे. बैठक चालते मराठीत, थोड्या हिंदीत, इंग्रजी संज्ञा पेरून. टिपण मात्र इंग्रजीत. 'बघू', 'करून टाकू', 'होऊन जाईल', 'तसं काही वाटत नाही', 'एकदा बघायला हवं होतं खरं तर'. या शब्दांत शंकेच्या, आळसाच्या, भिडेच्या किती छटा आहेत! 'होऊन जाईल' हे तर मराठी माणसाचे आवडते भविष्य. त्यात करणारा कोणीच नाही आणि आत्मविश्वास मात्र पुरेपूर. टिपणात उतरताना या सगळ्यांचे 'नियोजित' आणि 'विचाराधीन' असे दोनच शब्द होतात. इंग्रजीला या छटा व्यक्त करता येत नाहीत असे मी म्हणत नाही. आम्हाला आमच्या कचेरीच्या इंग्रजीत त्या व्यक्त करता येत नाहीत. आम्ही चुकतो मराठीत आणि धडे घेतो इंग्रजीत. मधल्या प्रवासात चूक इतकी धुऊन निघते की ती ओळखू येत नाही.

मग चांगले टिपण कसे असते? मला दोन नमुने ठाऊक आहेत. पहिला डोनाल्ड कनूथ यांचा. ग्रंथांच्या अक्षरजुळणीसाठी त्यांनी 'टेक' ही प्रणाली रचली, आणि १९७८ पासून तिच्यातल्या स्वतःच्या प्रत्येक चुकीची वही ठेवली. १९८९ साली त्यांनी ती वही एका निबंधासह सरळ प्रसिद्ध केली. चुकांचे पंधरा प्रकार पाडून प्रत्येकाला एक अक्षर दिले : घोडचूक वेगळी, विसरून गेलेली गोष्ट वेगळी, टंकदोष वेगळा, मला कल्पनाच नव्हती अशी परिस्थिती वेगळी. वाचताना एक बुद्धिमान माणूस कसा कसा चुकतो याचे जणू व्याकरणच समोर येते. त्यांच्या पुस्तकातली चूक प्रथम दाखवून देणाऱ्याला ते दोन डॉलर छप्पन्न सेंटचे बक्षीस देत आले आहेत. दोनशे छप्पन्न ही संगणकवाल्यांची लाडकी संख्या. अर्थात कनूथ एकटे होते. एकट्याच्या वहीत कर्ता हरवत नाही, कारण दुसरा कोणी नसतोच.

दुसरा नमुना पुन्हा ब्रूक्स यांचा, आणि तो गटाचा आहे. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रणालीचे काम त्यांच्याकडे होते. सर्वांना सर्व काही दिसले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी ठेवलेली कामाची वही काही महिन्यांतच पाच फुटांच्या घरात जाड झाली आणि शेवटी मायक्रोफिशवर न्यावी लागली. डेव्हिड पार्नास यांचे म्हणणे उलट होते : प्रत्येकाला आपल्या भागापुरतेच दिसावे, दुसऱ्याच्या भागाचे पोट त्याच्यापासून झाकलेले असावे. १९७५ च्या पुस्तकात ब्रूक्स यांनी ही कल्पना बाजूला सारली होती. वीस वर्षांनी, १९९५ च्या आवृत्तीत, त्यांनी एका प्रकरणात या मुद्द्याला मथळाच असा दिला, की पार्नास बरोबर होते आणि मी चूक होतो. दोन्ही नावे घेऊन. मूळ प्रकरण त्यांनी पुसले नाही, बदलले नाही. जुने तसेच ठेवून पुढे नवे जोडले. वाचकाला दोन्ही दिसतात. २०२२ साली ते वारले, तेव्हा बहुतेकांनी उशिराच्या कामाविषयीचा त्यांचा सिद्धान्त आठवला. मला हा मथळा आठवला.

मराठीत असे काही नाही, असा समज होण्याचे कारण नाही. 'स्मृतिचित्रे'मध्ये लक्ष्मीबाई आपली फजिती सांगताना स्वतःला आडोशाला उभे करत नाहीत. आणि गटाने केलेल्या कामाचा विचार करायचा तर श्रीधर व्यंकटेश केतकरांचे उदाहरण आहेच. तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश हे एकट्याचे काम नव्हते; भागभांडवल, वर्गणीदार, लेखनिक, सहसंपादक असा मोठा पसारा त्यामागे होता. त्या पसाऱ्याची हकीकत केतकरांनी लिहिली तिचे नाव 'माझे बारा वर्षांचे काम, ऊर्फ ज्ञानकोश मंडळाचा इतिहास'. आधी 'माझे', मग 'मंडळाचा'. 'माझे' म्हटल्याने मंडळ पुसले जात नाही आणि 'मंडळ' म्हटल्याने मी पुसला जात नाही, हे त्या एका 'ऊर्फ'ने साधले आहे. आमच्या शुक्रवारच्या टिपणांना असा एखादा 'ऊर्फ' हवा.

कर्थ यांच्या गृहीताशी याचा विरोध येतो, असे मला वाटत नाही. प्रत्येकाने त्या वेळी उत्तम तेच केले असे धरायचे, तर त्या वेळी कोणाला काय ठाऊक होते आणि कोण कोणाला काय म्हणाले, हे लिहावे लागेल. ते लिहायचे तर नावे येतीलच. दोष देणे आणि कर्ता सांगणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत. 'अमक्याने चिन्हे काढली' हे एकटे वाक्य आरोप आहे. 'अमक्याने मला विचारले, मी हो म्हटले, त्याने चिन्हे काढली, आणि प्रती सातच दिवस ठेवण्याचे आम्ही मागच्या वर्षी ठरवले होते' ही हकीकत आहे. आणि तिच्यातून पुढच्या आठवड्यात काय बदलायचे ते आपोआप दिसते. 'अधिक चाचणी करण्यात येईल' यातून काहीच दिसत नाही. झालेही तसेच : प्रती सात दिवसांऐवजी नव्वद दिवस ठेवायला आम्ही सुरुवात केली ती पुढच्या वर्षी, दुसऱ्याच कोणत्या तरी नुकसानीनंतर.

आठवड्याचे अंतर मात्र योग्य आहे, असे इतक्या वर्षांनंतर माझे मत झाले आहे. रोज लिहिले तर यादी होते. महिन्याने लिहिले तर गोष्ट होते, आणि गोष्टीत सगळ्यांना आधीपासूनच सगळे ठाऊक असते. शुक्रवारी मंगळवारची शंका अजून अर्धीमुर्धी आठवत असते. मलाही ती आठवत होती, हे नमूद केलेच पाहिजे.

तो मुलगा दिवाळीनंतर बंगळूरला दुसऱ्या नोकरीवर गेला. त्याच्या शेवटच्या आठवड्यात मी आमच्या गटप्रमुखांच्या खोलीत जाऊन मंगळवारचे वाक्य सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, 'आता ते कशाला उकरून काढता? मिटलंय ते.' मिटले होते हे खरे. मी तेवढ्यावर परत आले.

गेल्या महिन्यात सगळी टिपणे वाचताना ते टिपण पुन्हा समोर आले. आमच्या यंत्रणेत जुने टिपण बदलता येत नाही, खाली जोड देता येते. मी मराठीत जोड दिली : 'अदृश्य चिन्हे काढावीत का, असे मला विचारण्यात आले होते' असे प्रथम लिहिले, वाचले, खोडले, आणि मग 'त्याने मला विचारले होते. मी न बघता हो म्हटले. मी चुकले.' असे लिहिले. ज्याच्यासाठी ते लिहिले त्याचा त्या यंत्रणेतला प्रवेश नोकरी सोडली त्याच दिवशी बंद झाला होता, म्हणून त्या तीन ओळी मी त्याला वेगळ्या पाठवल्या. दोन दिवसांनी त्याचे उत्तर आले. 'ताई, ते दऱ्या आणि दर्याचं शेवटी सगळं नीट झालं का?'

मी त्याला कळवले, की अकरा नोंदी अजून राहिल्या आहेत. त्यांची कार्डे ग्रंथालयातही सापडत नाहीत.